समुद्राने साभार परत केलेला नारळ

फेकला नाही, आप्पा! अर्पण केला, अर्पण! दोन्ही हातांत धरून, गुडघाभर पाण्यात उभं राहून, आणि ते पाणी असं गार की थोड्या वेळाने खाली वाकून बघावं लागलं, पाय आहेत ना जागेवर म्हणून. हळद-कुंकू लावलं होतं, पूर्वेकडे तोंड केलं होतं (फोनमधलं होकायंत्र बघून), आणि तुम्ही पढवलेलं वाक्य जसंच्या तसं म्हटलं होतं. तेव्हा ‘कचऱ्यासारखा भिरकावला असशील, म्हणून आला परत’ हा जो आरोप तुम्ही आईच्या फोनवरून केलात, आणि मी उत्तर द्यायला तोंड उघडल्याबरोबर फोन आईच्या हातात कोंबून ‘आढी बघून येतो’ म्हणत चालते झालात, तो मला साफ नामंजूर आहे. (भाद्रपदात कसली आढी, आप्पा? आंबा संपून कोण काळ लोटला.) फोन काय, कोणाच्याही हातात कोंबता येतो. पत्र मात्र तुम्ही अर्धवट सोडत नाही. औषधाच्या बाटलीबरोबर येणारा बारीक अक्षरांचा कागदसुद्धा तुम्ही भिंग लावून शेवटपर्यंत वाचता, आणि मग ते औषध घेत नाही. म्हणून हे पत्र. बसा. चष्मा घ्या. मधे उठायचं नाही.

हं. झालं भांडण, आता रीतसर. तीर्थरूप आप्पांना, नॉर्वेहून, म्हणजे पृथ्वीच्या माळ्यावरून (याच्याही वर आहे काहीतरी, पण तिथे बर्फ आणि अस्वलं राहतात), पायमोज्यांचे दोन जोड एकावर एक घालून, नात वैदेहीचा साष्टांग नमस्कार. गुडघा कसा आहे? जिना चढताना तुम्ही कोणी बघत नसेल तरच कठडा धरता हे मला माहीत आहे, तेव्हा खरं सांगा. विहिरीजवळचा माड कसा आहे? विठूकाकांशी बोलणं सुरू आहे की पुन्हा बंद? हर्षददादाने आगराचं कुंपण घातलं की अजून नुसती तारच आणून ठेवलीय? मी बरी आहे. जेवते. आईला सांगा, खरंच जेवते. या कागदाला थोडा वास येईल, त्याचं कारण पुढे येतं, घाबरू नका.

तर तुमचा निकाल असा, की समुद्राने नारळ परत केला म्हणजे तिथलं पाणी तुला ठेवून घ्यायला तयार नाही, दसऱ्याच्या आत घरी ये, आणि येईपर्यंत मी तुझ्याशी बोलणार नाही. आप्पा, तुमचं न बोलणं म्हणजे काय असतं ते मी बघितलंय. विठूकाकांशी एका झावळीवरून न बोलण्यात तुम्ही माझं सगळं बालपण काढलंत. त्यांना निरोप द्यायचा तर तुम्ही आमच्या गाईला उद्देशून मोठ्याने बोलायचात. मला परत यायचं नाही. आणि तुम्ही बोलत नसाल तर मला इथे राहवणारही नाही. अशी मी मधल्यामधे लोंबकळतेय, पिकलेल्या झावळीसारखी. म्हणून सगळं पहिल्यापासून सांगते, मग काय ते ठरवा.

मी निघाले त्या दिवशी तुम्ही स्टेशनवर येणार नाही म्हणालात. ‘समुद्रच शिकायचा तर मांडवीला काय तो बादलीत भरून ठेवलाय?’ असं पडवीतल्या खांबाला विचारलंत. मग रिक्षा सुरू झाली तेव्हा हातात नारळ घेऊन फाटकापर्यंत धावत आलात. (धावलात, आप्पा. गुडघ्याने.) विहिरीजवळच्या माडाचा नारळ, छान सोललेला, शेंडी राखलेली, आणि वर निळ्या ऑइलपेंटने काढलेला तुमचा ‘गो’. आपले आणि विठूकाकांचे नारळ एकाच खळ्यात पडतात म्हणून तुम्ही प्रत्येक नारळावर गोपाळकृष्णाचा गो घालता, हे मला लहानपणापासून इतकं सवयीचं की शाळेत बाईंनी नारळाचं चित्र काढायला सांगितलं तेव्हा मी गोसकट काढलं होतं. तर तुम्ही म्हणालात, ‘नव्या पाण्याच्या काठी राहायला चाललीस. नारळी पौर्णिमेला त्याला हा दे. म्हण, मी रत्नागिरीच्या गोपाळकृष्णाची नात, मला सांभाळून घे. ओळख झाल्याशिवाय पाण्यात पाय घालायचा नाही.’ तो नारळ दोन स्वेटर आणि लोणच्याची बरणी यांच्या मधोमध बसून इथपर्यंत आला. विमानतळावरच्या माणसाने तो हातात घेऊन सगळ्या बाजूंनी बघितला आणि शेंडी धरून विचारलं, हे काय? मी म्हटलं, हँडल.

आता इथलं पाणी. आप्पा, मी लिहायला बसले की मला शब्द सुचतात असा माझा समज होता. (कॉलेजच्या अंकात माझ्या विरामचिन्हं नसलेल्या कविता आल्या होत्या आणि तुम्ही त्यांत लाल पेनाने स्वल्पविराम घालून मला अंक परत दिला होता, आठवतं?) इथे पहिल्या दिवशी समुद्रापुढे उभी राहिले आणि माझ्याकडे फक्त ‘अगो बाई’ एवढंच शिल्लक राहिलं. या गावाचं नाव मी लिहीत नाही, कारण ते वाचून दाखवलंत तर आई विचारेल सर्दी झाली का. पण गाव म्हणजे काय, तर कातळाचे काळेभोर डोंगर सरळ समुद्रात उतरलेत, मधे वाळूची पुळण नाही, चिखलाचं खाजण नाही, काही नाही. घराच्या पायरीवरून पाय टाकला तर थेट मोठ्या जहाजाला पुरेल एवढं खोल पाणी. आणि ते स्वच्छ! धक्क्यावरून वाकलं की तळाशी पडलेला नांगर दिसतो, त्याची साखळी दिसते, साखळीवर बसलेला खेकडा दिसतो, आणि खेकडा आपल्याकडे बघतोय हेही दिसतं. आपला समुद्र कसा, येतो, जातो, रात्रभर धपाधप आपटतो, पावसाळ्यात अंगणात येऊन भांडतो. हा बोलतच नाही. हा नुसता असतो. मी आल्या आल्या त्याच्याकडे बघत बसले ते जेवणाची वेळ टळली तरी कळलं नाही, कारण रात्री साडेदहाला चांगलं ऊन होतं. ऊन, आप्पा! माझी सावली लांबच लांब होऊन पलीकडच्या डोंगराला टेकली होती.

माणसंही समुद्रासारखीच, बोलत नाहीत. रत्नागिरी स्टँडवर एसटीत बसलं की भाट्याचा पूल येईपर्यंत शेजारच्या बाईला आपलं आजोळ, गोत्र, आणि लग्नाचं काय चाललंय हे सगळं कळलेलं असतं. इथे बसमध्ये शेजारची जागा रिकामी असेल तर लोक उभे राहतात. मला वाटलं माझ्या लोणच्याचा वास येतो. तर नाही, ही त्यांची आदब. समोरच्याला त्रास नको. आणि हीच माणसं रविवारी डोंगर चढतात (चढावाच लागतो, न चढणाऱ्याला बरं नाही का असं विचारतात) आणि वर भेटली की अनोळखी माणसालाही हसून नमस्कार करतात, संत्र्याच्या फोडी देतात. खाली उतरले की पुन्हा ओळख नाही. वर एक सोनेरी रंगाचं रानफळ मिळतं, ते कुठे मिळतं हे मात्र सख्ख्या भावाला सांगत नाहीत, विठूकाका अळंबीची जागा सांगत नाहीत तसं. चहाच्या दुकानाबाहेर थंडीत बाबागाड्यांत पोरं झोपवून आया आत निवांत बसतात. पहिल्या दिवशी मी अशा एका गाडीशेजारी राखण करत उभी राहिले, कोणी उचलून नेऊ नये म्हणून, तर थोड्या वेळाने त्या पोराची आईच बाहेर आली आणि तिने मला विचारलं, तुला काय हवंय? आणि बंदरावर सुक्या मासळीची गोदामं आहेत. हर्ण्याचं मासळीबंदर जवळ आलं की तुम्ही एसटीत उपरणं नाकाला लावून स्तोत्र म्हणायला लागायचात ना, तोच वास. मी त्या गोदामापुढे उभी राहून रडले. सगळ्या अनोळखी मुलखात घराच्या त्यातल्या त्यात जवळचं असं तेवढंच होतं.

तर नारळी पौर्णिमा. संध्याकाळ होती, चंद्र उगवला होता पण उन्हापुढे बिचारा धुतलेल्या रुपयासारखा दिसत होता. मी गावाबाहेरच्या खडकांवरून खाली उतरले आणि पाण्यात उभी राहिले. ओळख सांगितली. सांभाळून घे म्हटलं. (मराठीत. वाटलं, समुद्राला येत असेल, पाणी तर एकच आहे.) नारळ सोडला. आप्पा, तिथे लाट नव्हती. उडी मारायला पोरं नव्हती, ढोल नव्हता, कोणी नव्हतं. नारळ माझ्या पायाशी जरा घुटमळला, एकदा वळला, आणि मग रस्ता माहीत असल्यासारखा सरळ चालू लागला. शेंडी वर. मी तो ठिपका होईपर्यंत बघत राहिले, आणि मला पहिल्यांदा असं वाटलं की मी इथे आले आहे. तोवर मी नुसती पोचले होते.

आणि पुढच्या आठवड्यात पेपरच्या पहिल्या पानावर तो! (त्याच्या आधीच्या आठवड्यात पहिल्या पानावर पेट्रोल पंपावर शिरलेलं सांबरासारखं जनावर होतं, म्हणजे बातमीची टंचाई लक्षात घ्या.) बालवाडीची पिवळ्या रेनकोटवाली पोरं शिंपले वेचायला गेली होती, त्यांना खडकांत सापडला. फोटोत एक पोर त्याला पोटाशी धरून उभं, आणि वर मथळा, मी नंतर अर्थ लावून घेतला: ‘उष्ण समुद्राकडून पाहुणा आला’. या किनाऱ्याला म्हणे सातासमुद्रापलीकडून प्रवाहाबरोबर कधी कधी बिया वाहत येतात, जुन्या काळी बायका त्या बाळंतिणीच्या उशाशी ठेवायच्या. पण अख्खा नारळ? तोही पाण्यासकट? गाव वेडं झालं. वाचनालयात केक ठेवायच्या काचेच्या घुमटाखाली त्याला ठेवलं आणि लोक रांग लावून बघायला आले. न बोलणारी, शेजारी न बसणारी ही माणसं, आप्पा, टोप्या काढून, एकेक करून, आपल्या विहिरीजवळच्या माडाच्या नारळापुढे उभी राहत होती. बंदरावरचा एक म्हातारा तर काचेला हात लावून असा उभा होता, की मागच्यांनी त्याला ढकललं नाही, घाई केली नाही. मीही रांगेत उभी राहिले. काय करणार? माझी पाळी आली तेव्हा मला हुंदका आला आणि मागच्या बाईला वाटलं, मी फार भाविक आहे.

विद्वान लोकांचे तर्क तर ऐका. लाल ठिपके (कुंकू) म्हणजे उष्ण समुद्रातली बुरशी. निळी खूण (तुमचा गो) म्हणजे एका मते समुद्री किड्याची वाट. पण एका निवृत्त मास्तरांनी सांगितलं, छे, ही बुडालेल्या जहाजावरच्या खलाशाने काढलेली खूण आहे, आणि त्याला मदत हवी होती. त्यावर दोन दिवस हळहळ चालली. सगळ्यात मोठी अडचण शेंडीची. नारळ वाहत येतो तो सोडणासकट, म्हणजे वरच्या जाड सालासकट, मग याचं सोडण कुठे गेलं? खडकांवर घासून निघालं, असं ठरलं. ठीक. पण मग निसर्गाने शेंडीच तेवढी व्यवस्थित का राखली? यावर सगळे गप्प झाले. मी तर आधीपासूनच गप्प होते.

मी गप्प का, असं तुम्ही विचारणार. सांगणार होते, देवाशपथ. रोज ठरवायचे. पण वाचनालयात पाऊल टाकलं की ती रांग दिसायची आणि वाटायचं, या माणसांच्या तोंडावरचा तो उजेड मी कोणत्या तोंडाने विझवू? अशातच आमच्या तुरिडबाईंनी तो नारळ वर्गात आणला. तुरिडबाई म्हणजे आम्हाला समुद्राचे प्रवाह शिकवतात त्या. एवढ्या उंच की दारातून येताना देवळात शिरल्यासारख्या वाकतात. केस पांढरेशुभ्र, आवाज हळू, आणि कॉलेजला स्वतः होडी वल्हवत येतात. बाईंनी काही सांगितलं नाही, नुसता नारळ एकेकाच्या कानाशी धरून हलवला. ऐका, म्हणाल्या. माझ्या कानाशी आल्यावर ऐकलं, आत खुळुक खुळुक. चारी बाजूंनी खारट पाणी आणि आत कुठलाही थेंब न शिरलेलं गोड पाणी. जन्मभर नारळ खाल्ले, पण मला हे कधी नवल वाटलं नव्हतं. तुम्ही माडाला विहिरीचं शिंपता ते पाणी होतं ते. नॉर्वेत माझ्या कानाशी आपली विहीर वाजली, आप्पा.

त्याच सुमारास तुमच्या नातवाने, शुभंकरने, पुण्यात बसून (त्याला दुसरा उद्योग नाही) तो पेपरातला फोटो ‘वैदूच्या गावची गंमत’ म्हणून घरच्या ग्रुपवर टाकला. तुम्ही तो दोन बोटांनी मोठा केलात. सगळ्या नॉर्वेला जे वाचता आलं नाही ते तुम्हाला पडवीत बसून वाचता आलं. पुढचं तुम्हाला माहीत आहे.

पण याच्या पुढचं माहीत नाही, ते आता ऐका. शुक्रवारी तुरिडबाई नारळ सगळ्यांसमोर उघडणार असं जाहीर झालं. वाचनालय गच्च भरलेलं. टेबलावर पांढरं कापड, काचेच्या नळ्या, बाईंच्या हातात रबरी मोजे, आणि नारळ लाकडाच्या चापात आवळून बसवलेला. आणि मग त्यांनी करवत काढली. करवत, आप्पा! तुमच्या नारळाला! मधोमध, शेंडीसकट कापणार! पहिला दात लागला, खर्र झालं. मला आठवत नाही मी कधी उठले. मी म्हटलं, थांबा, असं नाही फोडत. सगळ्यांनी माना वळवल्या. या गावात एवढ्या मोठ्या आवाजात बहुधा माझ्याआधी कोणी बोललेलं नसावं.

आता इथे तुमचा आणखी एक नियम मोडला गेला तो सांगून टाकते. बायकांनी नारळ फोडायचा नसतो. आपल्या घरी तो हर्षददादा फोडतो, म्हणजे फरशीवर आपटतो, अर्धं पाणी भिंतीवर जातं आणि तुकडे कपाटाखालून काढावे लागतात. आणि मी जन्मभर तांब्या धरून शेजारी उभी. पण तांब्या धरणाराच नीट बघतो, आप्पा. नारळाच्या अंगावरच्या शिरा कुठे आहेत, फटका कुठे बसला की काय होतं, ते हर्षददादाच्या चुकांवरून मला पाठ झालं होतं. मी शेंडी सोडवली (डोळ्यांच्या वर तेवढी राखून), चापातून काढलेला नारळ तळव्यावर घेऊन दाराबाहेर गेले, आणि वाचनालयाच्या पायरीच्या दगडाच्या कडेवर, बरोबर मधल्या शिरेवर एकच मारला. दोन भकलं. सरळ, सारखी, वाटी कापल्यासारखी. पाणी सगळं तुरिडबाईंनी खाली धरलेल्या काचेच्या भांड्यात. एक थेंब बाहेर नाही. तुम्ही असतात तर तोंडाने काही बोलला नसतात, पण मिशी हलली असती.

मग सांगितलं सगळं. गो कोणाचा, कुंकू कशाचं, शेंडी का. मला वाटलं, आता हे लोक रागावणार, किंवा हसणार. कोणी हसलं नाही. तुरिडबाई म्हणाल्या, सोडण सुरीने काढलंय हे मला पहिल्या दिवशीच दिसलं होतं. मी काही बोलले नाही, कारण मला बघायचं होतं कोणाचा आहे. ज्याचा असेल त्याला करवत बघवणार नाही. (अशी ही बाई! आमच्यासमोर नारळ नव्हता ठेवला तिने, गळ टाकला होता.) मग त्यांनी विचारलं, समुद्राने परत दिला की तुमच्याकडे काय करतात? आणि मी हातातली भकलं न्याहाळायला लागले. कारण मला खरंच माहीत नव्हतं. आपल्याकडे समुद्राला ती संधी मिळतेच कुठे?

रागावू नका, पण विचार करा. मांडवीला नारळी पौर्णिमेला नारळ पाण्यात पडायच्या आत धक्क्यावरून पोरं सूर मारतात, नारळ धरतात, आणि संध्याकाळी त्यांच्या घरी नारळीभात होतो. आपल्या समुद्राने आजवर एक तरी नारळ स्वीकारल्याचं तुम्ही स्वतः बघितलंय? आणि त्या पोरांत एके काळी सगळ्यांत लांब सूर मारणारा गोपाळकृष्ण नावाचा एक मुलगा होता, असं मला विठूकाकांनी सांगितलंय. (तुमचं बोलणं बंद होतं तेव्हा. तुमच्याबद्दल ते तेव्हाच मोकळं बोलतात.) त्या मुलाने घरी नेलेल्या नारळांचं तुमची आई काय करायची? कचरा म्हणून टाकायची का? देवाने परत दिलेल्याला आपण काय म्हणतो, आप्पा? मला पहिलीत असताना हात पुढे करायला लावून तुम्हीच शिकवलंत. त्याला प्रसाद म्हणतात, आणि त्याला नाही म्हणू नये.

मी त्यांना तेच सांगितलं आणि सांगता सांगता मलाच कळलं. वाचनालयाच्या बाईंनी कुठूनशी साखर आणली. मी एका भकलातल्या खोबऱ्याचे नखाएवढे तुकडे केले आणि दारात उभी राहिले. उजवा हात, म्हटलं. आणि सगळ्या गावाने, आप्पा, उजवा हात पुढे केला. बंदरावरच्या त्या म्हाताऱ्याने आधी हात पँटला पुसला. मग सगळे तुकडा तोंडात ठेवून उभे राहिले, जसं आपल्याकडे डोळे मिटून उभे राहतात. आणि वाचनालयाच्या बाईंनी, आपल्याला कोणी बघत नाही असं समजून, एक तुकडा कागदात गुंडाळून पिशवीत ठेवला. घरी कोणी तरी असणार त्यांच्या, पायऱ्या न उतरू शकणारं. ती पुडी बांधायची पद्धत मी त्यांना शिकवलेली नव्हती. ती मी आपल्या आळीतल्या प्रत्येक बाईची बघितलीय. तेव्हा मला वाटलं की या पाण्याने मला कसं सांभाळून घेतलंय ते यांना नाही कळायचं, पण तुम्हाला कळेल.

तेव्हा हा माझा अर्ज. समुद्राने नारळ नाकारला नाही, गावभर वाटला. मला इथे राहू द्या, आणि माझ्याशी बोला. गाईला उद्देशून बोललात तरी चालेल, आई फोन धरेल.

थोरांना नमस्कार, गाईला खाजवणं, आणि माडाला तुमच्या हाताने एक बादली पाणी. तुमचीच (गो-छाप), वैदेही.

ता. क. तुमच्या नारळाची एक वाटी वाचनालयात तशीच ठेवलीय, खाली तुमचं नाव लिहिलंय. उच्चार कसा करायचा ते विचारायला रोज कोणी ना कोणी येतं. गोपाळकृष्ण म्हणायला त्यांना दोन श्वास लागतात.

ता. क. दुसरा. मला संशोधनाच्या बोटीवर घेतलंय. अजून वर, जिथे बर्फ सुरू होतो तिथपर्यंत जायचंय. आजच निघते. तिथे फोन लागत नाही, म्हणजे तुम्ही हे वाचाल तेव्हा मला ओरडायचं ठरवलंत तरी दिवाळीपर्यंत सोय नाही.

ता. क. तिसरा, आणि खरं म्हणजे पत्र एवढ्यासाठीच. आपल्याकडे कोणाचा डबा रिकामा परत पाठवत नाहीत, तसं यांच्यातही पाठवत नाहीत. रत्नागिरीच्या समुद्राचं आपण खाल्लं, तर त्याला काय द्यायचं, यावर वाचनालयात सभा झाली. एकमताने ठरलं. तुरिडबाईंना गोव्यात समुद्रवाल्यांच्या परिषदेला यायचंच होतं, त्या तशाच रेल्वेने वर रत्नागिरीला येणार आहेत. हे पत्र पोस्टाने आलेलं नाही, आप्पा. ज्या उंच बाईने तुमच्या हातात दिलं ती अजून दारातच उभी असेल, कारण मी वर तुम्हाला बसा म्हणून सांगितलं आणि तिला कोणी सांगितलेलं नाही. तिला आत घ्या. डोक्यावरची चौकट सांभाळा. तिच्या काखेत वर्तमानपत्रात गुंडाळलेलं जे लांबलचक आहे तो इथला सर्वांत मोठा सुकवलेला मासा आहे, डोक्यासकट. वास पहिल्या ओळीपासून येतोय तो त्याचाच. तो नारळाच्या धन्याच्याच हातात द्यायचा असं ठरलंय, दोन्ही हातांत, तेव्हा फोनसारखा आईच्या हातात कोंबता येणार नाही. तिला मांडवीला घेऊन जा, मासा आपल्या समुद्राला द्या, आणि म्हणा, ही तिकडची, हिला सांभाळून घे. पोरं सूर मारतील. मासा परत आणून तुमच्याच हातात देतील. आणि परत आलेल्याला काय म्हणायचं ते वर ठरलेलं आहे, आणि त्याला नाही म्हणू नये हे वाक्य तुमचं आहे.

बोटीचा भोंगा झाला. चालले.